वन्संच्या डोक्यावरची कौलं

कौलं कुटायचा लोखंडी बत्ता यंदा मी अजून बाहेर काढला नव्हता. परवा शैलाने, माझ्या मुलीने, तो खाटेखालून काढला, मागच्या पायरीवर ठेवला आणि काही न बोलता आपल्या कामाला गेली. तिचं बोलणं असंच असतं. वस्तू पुढे आणून ठेवायची. करवंदं काळी झाली, फणस पिकून आपोआप पडायला लागले, म्हणजे आमच्या घरी स्लॅबवर चढायची वेळ झाली, हे तिला सांगावं लागत नाही. मलाही कळतं. मी दोन दिवस त्या बत्त्याकडे बघत होते आणि दुसरीच कामं काढत होते. कोकमं वाळत टाकली, फणसाच्या आठळ्या मातीत घोळून ठेवल्या, उगाच परसातला कचरा गोळा केला. बत्ता तिथेच होता. उन्हात तापायचा, संध्याकाळी निवायचा.

आमचं घर पूर्णगडच्या रस्त्याला, चढ संपल्यावर, सड्याच्या कडेला आहे. सडा म्हणजे सपाट काळा कातळ. पावसात त्याच्यावर बोटभर उंचीची फुलं येतात आणि बाकी आठ महिने तो तव्यासारखा पडून असतो. खाली वाडीत झाडी आहे, सावली आहे. आमच्या घरावर सावली नाही. सासऱ्यांनी इथे घर का बांधलं ते त्यांनाच ठाऊक. पण त्यांनी कौलारू बांधलं होतं, आणि कौलांखाली उन्हाळा निघत असे.

त्याचा त्रास वेगळा होता. दर वर्षी पावसाच्या आधी कौलं परतायला लागत. माणूस वर चढणार, एकेक कौल काढणार, झाडणार, फुटकं खाली देणार, चांगलं जागेवर बसवणार. खाली उभं राहून ती कौलं झेलायचं काम बायकांचं. अंगावर धूळ, पालींची अंडी, कधी विंचू. वर माकडं. आम्ही कौलं बसवून खाली उतरायच्या आत ती पुन्हा उड्या मारायला हजर. म्हणून माझे यजमान मुंबईची नोकरी संपवून घरी आले तेव्हा त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर कौलं उतरवून स्लॅब घातला. वाडीत तेव्हा स्लॅब घालण्याची हवा होती. मी तर खूशच होते. वाटलं, आता वर चढणं नाही, झेलणं नाही, सुटलो.

वन्सं तेवढ्या खूश नव्हत्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन गेल्या आणि फार दिवस झाले नाहीत तोच माहेरी परत आल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी या घरात नवी सून म्हणून आले तेव्हा चुलीपुढे त्या बसलेल्या होत्या आणि मला पहिलं वाक्य बोलल्या ते असं, की तांदूळ कुठे आहेत ते विचारल्याशिवाय हात घालायचा नाही. तिथपासून आमचा संसार एकत्र. यजमान मुंबईला, आम्ही दोघी इथे. शेत, गुरं, मुलं, सासूचं आजारपण, सगळं दोघींनी केलं. त्यातलं निम्मं भांडत केलं. लोक म्हणतात, इतकी वर्षं एकत्र काढली म्हणजे किती माया असेल. मायेचं मला माहीत नाही. त्यांच्या खोकल्यावरून त्यांना चहा हवा आहे की पाणी, ते मला कळतं. एवढं आहे.

कौलं उतरली त्या दिवशी गड्यांनी ती सड्यावर फेकून द्यायला घेतली. वन्सं मागच्या दारात उभ्या राहिल्या आणि एकही कौल बाहेर जाऊ दिलं नाही. सगळी गोठ्याच्या भिंतीला रचून घेतली. पडवीवरची मंगलोरी एका बाजूला आणि माजघरावरची जुनी नळ्याची, गावच्या कुंभाराने घडवलेली, दुसऱ्या बाजूला. यजमान हसले. म्हणाले, आक्काला आता कौलांचं दुकान घालायचं आहे. वन्सं म्हणाल्या, लागतील. काय लागतील, ते कोणालाच सुचलं नाही. त्या ढिगात सापांनी घर केलं, शेवाळ चढलं, यजमान वारले, गोठा रिकामा झाला. कौलं तिथेच.

मी जो उन्हाळा आठवते आहे तो वन्सं पडल्या त्याच्या नंतरचा. थंडीत अंगणात पाय घसरला, खुबा मोडला. रत्नागिरीला नेऊन सळी घातली, पण पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. न्हाणीघराला लागून एकच खोली आहे, मागची, पश्चिमेची. तिथे त्यांची खाट टाकली. दुसऱ्या खोलीतून त्यांना न्हाणीत नेणं माझ्याने झालं नसतं. हे घर बांधताना कोणी म्हातारं होईल असं कोणाच्या मनात नव्हतं.

फाल्गुन सरला आणि ती खोली पेटली. दिवसभर स्लॅब ऊन पितो आणि संध्याकाळी खाली ओततो. पंखा लावला की तोच गरम वारा फिरवून अंगावर टाकायचा. लोखंडी खाटेच्या दांड्याला हात लागला की वन्सं हात झटकायच्या. पाठीला लाल चट्टे उठायला लागले. डॉक्टर बघून गेले आणि म्हणाले की या खोलीत ठेवलंत तर पाठ सोलून निघेल, पुढे जखमा होतील आणि त्या भरणार नाहीत. दिनेश, माझा मुलगा, मुंबईला असतो. त्याला फोन केला. एसी लावायचं तो बोलला, पण आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते आणि घरातल्या तारा यजमानांच्या वेळच्या. मग त्याने चिपळूणच्या बाजूची एक संस्था सांगितली. म्हातारी माणसं सांभाळतात, स्वच्छ आहे, बाया असतात. तो चांगलंच सांगत होता. तो वाईट मुलगा नाही.

मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, "बघू नाही, आई. मी मे महिन्यात येतो. त्या खोलीत एक दुपार मी स्वतः झोपून बघतो. मला झोप लागली तर आत्या तिथे राहील. नाही लागली तर मी तिला घेऊन जाणार."

फोनचा आवाज बाहेर येत होता. वन्सं छताकडे बघत पडल्या होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "एकदा एका घरातून निघाले होते. आता दुसऱ्यांदा निघायचं वय नाय माझं." एवढंच.

आम्ही स्लॅबवर चुना मारून बघितला. वाऱ्याने पोपडे निघाले. माडाचे झाप आंथरून बघितले. माकडांनी ते ओढत नेऊन रस्त्यावर टाकले आणि गाडीवाल्यांच्या शिव्या आम्ही खाल्ल्या. मग शैलाने दुसरंच काढलं. शैलाला पावस गावाच्या बाजूला दिली आहे, तिची आणि जावयांची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलात ती कुंड्या द्यायला गेली होती. तिथे गच्चीभर झाडं लावलेली तिने बघितली. मोठी नव्हेत, जाड पानांची, जमिनीसरशी बसणारी. आणि खाली माती नव्हती. गोणींतून आलेले कसले तरी हलके खडे होते. खालच्या खोल्या गार राहतात असं तिथल्या माळ्याने तिला सांगितलं.

तसले खडे आमच्याकडे कोण आणून देणार? पण जाड पानांची झाडं आम्हाला नवी नव्हती. गडग्याच्या दगडांत पानफुटी उगवते, तिला कोण पाणी घालतं? कोरफड न्हाणीच्या मोरीजवळ आपोआप वाढते. त्यांना खोल मूळ लागत नाही, स्लॅब फोडत नाहीत, वैशाखात विहीर तळाला गेली तरी कुरकुर करत नाहीत. अडचण झाडांची नव्हती. त्यांच्या खाली काय घालायचं, ही होती.

बाबू गवंडी आला. त्याने आतून, वन्संच्या खाटेवर चढून, हातोडीने छत वाजवून बघितलं. एका कोपऱ्यात आवाज पोकळ आला. तो म्हणाला, इकडची हवा खारी, सळीला गंज धरलाय, फार नाही, पण धरलाय. वर माती टाकायची नाही. आणि मला बजावून म्हणाला, "काकी, सुकी उचलून बघू नका. भिजवून उचला. पावसात जे वजन होईल ते खरं वजन."

वन्सं त्याच्या पायांमध्ये पडल्या पडल्या म्हणाल्या, "पडलाच स्लॅब तर माझ्यावरच पडेल ना? मग मोजता कशाला एवढं? खर्च वाचला." बाबू घाईने खाली उतरला.

मग माझं मोजणं सुरू झालं. भाताची पायली घ्यायची, जे काय असेल त्याने भरायची, टोपलीत ओतायची, वर पाणी सोडायचं, निथळू द्यायचं आणि टोपली उचलून जिन्याच्या चार पायऱ्या चढायच्या. काट्याची गरज नव्हती. कमरेला कळतं. आमची तांबडी माती भिजली की शिसं होते. खाडीची वाळू त्याहून वाईट. सोडणाचा भुसा, म्हणजे नारळाची साल कुटून जो निघतो तो, सुका असताना पिसासारखा, पण पाणी पिऊन फुगला की सोडायलाच तयार नाही. शैला म्हणाली, आपल्या पावसात यात जाड पानाचं झाड कुजेल.

शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. भारी जमीन चांगली आणि हलकी जमीन वाईट, एवढं मातीबद्दल त्यात शिकवलं, आणि पुढे शेतात तेच खरं ठरलं. हलक्या जमिनीच्या तुकड्यासाठी कोणी बांधावरून भांडत नसे. आणि आता म्हातारपणी मी जगातलं सगळ्यात हलकं, सगळ्यात निकस काय आहे ते शोधत जिना चढत-उतरत होते. माझं मलाच हसू येत असे, पण हसायला दम उरत नव्हता.

सगळ्यात हलकं निघालं ते तूस, भाताचं टरफल. भाताच्या गिरणीवर ढीग पडलेला असतो. टोपली भिजवली तरी एका हाताने उचलली. मी आणि शैलाने गोणी भरून आणल्या. आणि इथे आम्ही जी चूक केली ती शेतकऱ्याच्या घरातलं माणूसच करील. नुसत्या तुसात झाड लावायचं, हे आमच्या दोघींच्या मनाला पटेना. काही तरी खायला नको का? शेण घातल्याशिवाय आमच्या हाताने आजवर काही लावलेलं नाही. खाली वाडीतून शेणखत आणलं, तुसात कालवलं, स्लॅबवर पसरलं, पानफुटी खोचली आणि वन्संच्या आंघोळीचं पाणी रोज वर नेऊन शिंपडलं.

आठवड्याने वर गेले तर सगळं हिरवं. पानफुटी नव्हे. भात. गिरणीच्या तुसात दाणे राहतातच, हे मला कळायला नको होतं का? जन्म भातात गेला. ओल मिळाली, खत मिळालं, उगवला. चैत्राच्या उन्हात, स्लॅबवर, मऊ पोपटी तरवा डुलत होता. चिमण्या आल्या, त्यांच्या मागून माकडं. पानफुटीची देठं खताने कुजून काळी पडली. आंबूस वास सुटला आणि खाली वन्संच्या खोलीत माश्या घोंगावू लागल्या.

मी खाली येऊन पायरीवर बसले. शैलाला ओरडले, तिने माझ्यावर तोंड टाकलं. आतून वन्संनी विचारलं, काय झालं. सांगणं भाग होतं. त्या पडल्यापासून कधी हसल्या नव्हत्या. त्या दिवशी हसल्या, खोकला येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "लावणीला माणसं सांगितलीस काय गो? वर चिखल करा, मी खालून गाणी म्हणते." मला राग आला होता. मी म्हटलं, तुमच्यासाठीच चाललंय हे, तुम्ही तरी बोलू नका. तेव्हा त्यांनी उशीखालून मशेरीची डबी काढली, बोटाने दातांना लावली आणि त्या लावता लावताच बोलल्या.

"ही कशाची? तंबाखू नि जाळलेल्या तुसाचीच ना? हिच्यात कधी भात उगवलेला बघितलास?"

वन्सं आयुष्यभर तंबाखूबरोबर तूस जाळून त्याची मशेरी लावत आल्या. दिनेशने, डॉक्टरांनी, सगळ्यांनी सोडायला सांगितली, सोडली नाही. ती डबी रोज माझ्या डोळ्यांपुढे होती. जाळलेलं तूस. दाणा मेलेला, कुजायला काही उरलेलं नाही, आणि कच्च्याहूनही हलकं.

पुढे काम सरळ झालं, सोपं नाही झालं. परसात तुसाचे ढीग लावून धुमसत ठेवले. पूर्ण जळून पांढरी राख झाली तर ती पाण्याने चिखल होते. काळं झालं की पाणी मारून विझवायचं. डोळे चुरचुरायचे, घरभर धूर. पण नुसतं काळं तूस वाऱ्याने उडून जाणार. त्याला दाबून धरायला काही तरी हवं होतं, जड नको आणि पाणी धरून बसणारं नको. शैलाने गोठ्याच्या भिंतीकडे बघितलं. मीही बघितलं.

मी गोणपाटावर पहिलं कौल ठेवून बत्ता मारला आणि आवाज आत गेला. तीन-चार कौलं फुटल्यावर वन्संनी विचारलं, "कुठली कुटतेस?"

मी म्हटलं, हाताला येतील ती.

"पडवीची कुट. माजघरावरची ठेव."

खरं तर नळ्याची जुनी कौलं जास्त बरी पडली असती. कच्च्या भाजणीची, ठिसूळ, एका घावात चुरा होणारी, आणि मंगलोरीपेक्षा वजनाला कमी. माझ्या खांद्याचा तरी त्रास वाचला असता. पण मी मंगलोरीच कुटली. वादात पडण्यापेक्षा कुटणं कमी थकवणारं होतं.

वालाच्या दाण्याएवढे तुकडे ठेवायचे, पीठ चाळून बाजूला काढायचं, कारण पीठ राहिलं की पाणी तुंबतं. दोन वाटे खापरं, एक वाटा काळं तूस, ओंजळभर सोडणाचा भुसा. टोपली भिजवून चार पायऱ्या चढले, मातीहून पुष्कळ हलकी. जाडी चार बोटं, त्याहून जास्त नाही. कडेने सगळीकडे वीतभर जागा मोकळी आणि पन्हळीच्या तोंडाशी मोठे तुकडे, म्हणजे पाणी वाट काढील. त्यात पानफुटी लावली, कोरफडीची पिल्लं लावली, शैलाने रोपवाटिकेतून जाड पानांच्या आणखी दोन जाती आणल्या, त्यांची नावं मला येत नाहीत. खत नाही. मला ते शेवटपर्यंत खटकलं. उपाशी पोरं रांगेत बसवल्यासारखं वाटत होतं. पण जगली. सड्यावर फुलं उगवतात त्यांना कोण खत घालतं, असं मी मनाला सांगितलं.

खोली गार झाली, असं मी म्हणणार नाही. वैशाखात या सड्यावर काही गार होत नाही. पण संध्याकाळी छत ओकत असे ते थांबलं. वन्संचा हात खाटेच्या दांड्यावर टेकलेला दिसू लागला. आणि सांगायचं तर हे झाडांनी केलं नाही, ती तेव्हा करंगळीएवढी होती. हे खापरांनी केलं. झाडांनी पुढे मुळं धरून खापरं जागेवर ठेवली.

दिनेश मेमध्ये आला. वर जाऊन बघून आला. जेवण झाल्यावर म्हणाला, आत्याच्या खोलीत चटई टाक. वन्संनी तोंड भिंतीकडे केलं. मी भांडी घासत होते. उन्हं अगदी डोक्यावर होती, बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले.

मग घोरणं ऐकू आलं. दिनेशचं घोरणं बापासारखं, आधी शिट्टी आणि मग खर्ज. मी आत डोकावले. तो चटईवर उताणा, तोंड उघडं. वन्सं त्याच्याकडे बघत जाग्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "चहाच्या वेळेला उठव. उठला की विचार, मला कुठे पाठवतोस."

मी विचारलं नाही. त्याने चहा घेतला, घामेजलेली मान पुसली आणि म्हणाला, ठीक आहे. तेवढ्यावर मिटलं.

ते त्या वर्षापुरतं मिटलं. हलक्या वस्तूचं एक आहे, ती राहत नाही. पाऊस लागला आणि काळं तूस थोडं थोडं करून पन्हळीतून अंगणात आलं. भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन मी तुंबलेली पन्हळ मोकळी करायला वर गेले. पाणी साठलं असतं तर मातीएवढंच वजन झालं असतं, आणि बाबूचा तो पोकळ कोपरा माझ्या डोक्यातून जात नव्हता. दिवाळीपर्यंत चार बोटांची तीन झाली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कुटणं, पुन्हा जाळणं, पुन्हा वर नेऊन पसरणं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा. ज्या कामातून सुटायला स्लॅब घातला तेच काम, त्याच दिवसांत, त्याच कौलांचं. फरक एवढाच की पूर्वी वर गडी असायचा आणि मी खाली झेलायला. आता वर मी.

मधून लोक बघायला येतात. रस्त्याने जाणारी एखादी गाडी थांबते, फोटो काढतात, किती सुंदर म्हणतात. पानफुटीला थंडीत लालसर घंटा लागतात, त्या लांबून चांगल्या दिसतात हे खरं. एका बाईने मला विचारलं की तुम्हाला हा छंद कधीपासून. मी म्हटलं, नणंद पडल्यापासून. तिला ते कळलं नाही.

यंदा माझा उजवा गुडघा वाकत नाही. दिनेशने फोनवर पुन्हा तीच संस्था काढली, या वेळी दोघींसाठी. एकाच खोलीत दोन खाटा मिळतात म्हणाला. मी म्हटलं, इथेही एकाच खोलीत दोन खाटा आहेत. शिमग्यापासून मी माझी खाट वन्संच्या खोलीतच टाकली आहे, उठबस कमी होते. तो म्हणाला, "आणि वर कोण चढणार?" परवा शैलाने बत्ता काढून ठेवला तो ते ऐकूनच.

आज सकाळी मी कुटायला बसले. कुटणं बसून होतं. शैला कलमांच्या विक्रीचे दिवस सोडून आली होती, तिने टोपल्या वर नेल्या. पसरायला मात्र मी गेले, कठड्याला धरून, एकेक पायरी बसत. ती जाड पसरते. चार बोटं म्हटलं की तिची चार बोटं, तिच्या बापासारखी जाड. वर बसूनच सरकत सरकत सगळं सारखं केलं. कोरफडीच्या मुळांशी थोडं जास्त घातलं. पन्हळीचं तोंड साफ केलं. पश्चिमेला समुद्रावर ढग जमून होते, पण ते अजून चार दिवस नुसते उभे राहतील. खाली उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

खोलीत येऊन मी माझ्या खाटेवर आडवी झाले. हातांना तुसाचं काळं तसंच होतं. वन्संना वाटलं मला झोप लागली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "परतून झाली काय गो कौलं?"

"झाली."

"पडवीची उरली थोडी?"

"संपली. आज शेवटची कुटली."

वर माकड स्लॅबवरून गेल्याचा आवाज आला आणि विरला. पुढच्या वर्षी काय, हे दोघींच्या मनात होतं, आणि माजघरावरची जुनी कौलं गोठ्याच्या भिंतीला कमरेएवढी रचलेली होती.

"माजघरावरची घे आता," त्या म्हणाल्या. "ती किती वर्षं जातील?"

मी डोळे मिटून तो ढीग आठवला. दर वर्षाला किती टोपल्या लागतात ते आठवलं. माझा गुडघा आणि त्यांची पाठ आठवली.

"आपल्याला पुरतील," मी म्हटलं.